नागानोतलं १०० वर्षांचं घर घ्यावं का? जुनं जपानी घर दुरुस्त करून राहिलेल्यांनी सांगा

निशिकासाईकर:

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं, मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी, गेली अकरा वर्षं तोक्योत निशिकासाईला दोन खोल्यांत राहतोय. माझं काम आता महिन्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवलं तरी चालतं असं झालंय आणि त्यामुळे कधीपासून मनात होतं ते आता खरंच करावंसं वाटतंय. नागानोत, इनाच्या खोऱ्यात, एका गावाच्या आकिया बँकेत, म्हणजे नगरपालिका रिकाम्या घरांची यादी ठेवते ना त्यात, एक घर सापडलं आणि आम्ही गेल्या महिन्यात जाऊन बघून आलो.

घर ताइशो काळाच्या शेवटचं, धरून चाला १०० वर्षांचं. त्या भागात होन्मुने पद्धतीची घरं असतात, कमी उताराचं पसरट छप्पर, समोरून मोठा त्रिकोण दिसतो आणि आढ्याच्या टोकाला पंख पसरल्यासारखी लाकडी शोभा, तिला सुझुमे-ओदोरी म्हणतात, चिमण्यांचा नाच. आत शिरलं की आधी दोमा, आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरासारखी चोपलेली मातीची जमीन, मग पायरी चढून तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या, चार खोल्या आणि मधे दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल असा काळा खांब. बायको वाईची आहे, त्यांचा वाडा २००९ मध्ये पाडला आणि तिथे बिल्डिंग झाली. ती त्या खांबाला हात लावून उभीच राहिली, बोलेना. तेव्हाच मला कळलं की आता हे घर डोक्यातून जाणार नाही.

किंमत ३० लाख येन. एजंट म्हणतो अजून ५० लाख घातले की राहण्याजोगं होईल. शेवटी राहणाऱ्या आजी गेल्यावर दहा वर्षं बंद आहे, आत सगळं सामान तसंच, भिंतीवर वरच्या बाजूला पूर्वजांचे फोटो, आणि एक मोठा बुत्सुदान, म्हणजे त्यांचा पितरांचा देव्हारा, तो पण तिथेच. त्याचं काय करतात? पहिल्यांदा काय तपासायचं? गावातले लोक आपल्याला कितपत सामावून घेतात? आणि सातारहून आई-बाबा दरवर्षी तीन महिने येतात, त्यांना ती थंडी झेपेल का? व्हिडिओ खूप बघून झालेत, ज्यांनी स्वतः केलंय त्यांचं ऐकायचंय.

तांबाकर:

आम्ही ह्योगोत तांबाला २०१८ मध्ये घेतलं, ४२ लाख येन, आणि २०२१ च्या दिवाळीला राहायला गेलो. दुरुस्तीला १ कोटी ३० लाख लागले आणि त्यात बरंचसं काम मी आणि बायकोने शनिवार-रविवार हाताने केलेलं आहे. तेव्हा ५० लाखाचा आकडा सोडून द्या, तेवढ्यात न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि वायरिंग होईल, खाली आणि वर जे कुजलंय ते तसंच राहील.

घरात पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. अशा घराला म्हातारपणाने काही होत नाही, पाण्याने होतं. लांब जाऊन, समोरच्या रस्त्यावरून, आढं सरळ रेषेत आहे का बघा, मधे पोट खाली गेलं असेल तर तिथली तुळई किंवा खालचा खांब बसलेला असतो. मग भर दुपारी माळ्यावर चढा, दिवा लावू नका, कुठून उजेड येतो ते दिसेल, आणि लाकडावर पाण्याचे पांढरट ओघळ दिसतात का बघा. मग तातामी उचला. खालच्या फळ्या बहुतेक नुसत्या ठेवलेल्या असतात, निघतात. टॉर्च घेऊन खाली उतरा. ही घरं काँक्रीटच्या पायावर नसतात, खांब सरळ दगडावर उभा, आपल्या वाड्यात तळखड्यावर असतो तसा, म्हणून पावसाचं पाणी तिथे साठत असेल तर खांब पायापासून कुजतो. प्रत्येक खांबाच्या पायथ्याला जुना स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. चांगलं लाकूड टोचू देत नाही. आणि दगडावरून खांबाकडे चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी.

आमच्याकडे ३१ खांब, त्यातले नऊ खालून गेलेले. घाबरलोच होतो. पण गावातलेच एक सुतार मिळाले, ७१ वर्षांचे, त्यांनी तुळईखाली जॅक लावले आणि घर उचललं. दोन मिलिमीटर उचलायचे, थांबायचे, घर कुरकुरायचं ते कान देऊन ऐकायचे, मग परत दोन मिलिमीटर. असं सकाळपासून जेवणापर्यंत. मग खांबाचा खालचा हातभर कुजका भाग कापून तिथे हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, नवा तुकडा जोडला. सांधा असा कापतात की दोन्ही लाकडं एकमेकांच्या खाचेत बसतात आणि मधे जे चौकोनी भोक उरतं त्यात पाचर ठोकली की दोन्ही आवळली जातात, खिळा नाही डिंक नाही. याला कानावा-त्सुगी म्हणतात. शेवटची पाचर त्यांनी माझ्या हातात दिली. मी ठोकत होतो, ठक्क ठक्क वाजत होतं, आणि एका घावाला आवाज बदलला, टण्ण. म्हणाले बस्स, बसलं. तो सांधा मी झाकला नाहीये, काळ्या खांबात ते पिवळं लाकूड रोज बघतो.

भिंतींबद्दल. त्या मातीच्या असतात, आत बांबूच्या कामट्या दोरीने बांधलेल्या, आपल्याकडे कारवीचा कूड असतो तेच. पडलेल्या भिंतीची माती फेकू नका! ताडपत्रीवर पसरून त्यात भाताचा पेंढा बारीक कापून घालायचा, पाणी घालून तुडवायचं आणि दोन-तीन महिने तसंच मुरू द्यायचं, वास येतो, येऊ दे, त्यानेच चिकटपणा येतो, आणि तीच माती परत लिंपायची. मला एका ठेकेदाराने दोन भिंतींवर प्लायवूड आणि फोम लावायला सांगितलं, नवीन घरात ते ठीकच आहे, पण आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात मागे काळी बुरशी, सगळं काढावं लागलं. माती ओल घेते आणि सोडते, तिचं तोंड बांधलं की घर आजारी पडतं.

थंडी: अख्खं घर गरम करायचा विचारच करू नका. एक बसायची खोली, एक झोपायची आणि न्हाणीघर एवढंच बंदिस्त करा, जमिनीखाली जाड इन्सुलेशन आणि आहेत त्या खिडक्यांच्या आत दुसरी खिडकी, उचिमादो म्हणतात, त्याला सरकारी अनुदान मिळतं का बघा. आई-बाबांसाठी न्हाणीघर आणि तिथे जायची वाट गरम हवी, थंडगार खोलीत कपडे काढून एकदम कढत पाण्यात बसलं की म्हाताऱ्या माणसाचं ब्लडप्रेशर वरखाली होतं, इथे त्याने दर हिवाळ्यात माणसं जातात. याच्यात एक येन वाचवू नका.

हिशेबनीस:

वर तांबाकरांनी घराचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो, भराभर. घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही, तुमचा आहे म्हणून चालेल, पण नोकरी बदलली तर काय हे आधी ठरवा. जमीन-घर कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा स्वतः काढा, होमुक्योकूत, म्हणजे जमीन-घराची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, कोणालाही मिळतो. जुन्या घरांत बऱ्याचदा अजून पणजोबांचंच नाव असतं आणि मग वीस-पंचवीस वारसांच्या सह्या लागतात. एप्रिल २०२४ पासून वारसा नोंद करणं सक्तीचं झालंय, वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांच्या आत, त्यामुळे बरीच घरं आता मोकळी होताहेत. तुमचं झालंय का बघा, नसेल तर सही करू नका. घराबरोबर शेत असेल तर त्याला गावच्या शेती समितीची परवानगी लागते, २०२३ च्या एप्रिलपासून किमान क्षेत्राची अट गेलीय पण कसणार कोण हे ते विचारतातच.

८० लाखांपर्यंतच्या घराला एजंट जुलै २०२४ पासून टॅक्स धरून ३ लाख ३० हजार येनपर्यंत फी घेऊ शकतो, ३० लाखाच्या घरात ती जाणवते. वर घर घेतल्याचा कर, रजिस्ट्रेशन, शिहोशोशीची, म्हणजे नोंदणीचे कागद करणाऱ्याची, फी. बँका एवढ्या जुन्या घराला लोन द्यायला नाखूष असतात, रोख धरून चला. संडासाचं विचारा, गटाराची लाइन आहे का टाकीतून गाडीने उपसून नेतात, नवीन जोकासो, म्हणजे घरचं सांडपाणी शुद्ध करणारी टाकी, बसवायला गाव अनुदान देतं का. आणि भूकंप: १ जून १९८१ च्या आधीच्या लाकडी घराची तपासणी बऱ्याच नगरपालिका फुकट किंवा नाममात्र पैशात करून देतात, सही करायच्या आधी ती होते का विचारा. शिवाय एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराचं मोठं काम, म्हणजे छप्पर, खांब, तुळया यातलं अर्ध्याहून जास्त बदलणार असाल, तर आधी मंजुरी लागते. आर्किटेक्टचा खर्च धरा. तांबाकरांच्या वेळी हे नव्हतं.

परतलेला:

मी उलटं सांगणार आहे, राग मानू नका. आम्ही निगाताच्या डोंगरात घेतलं होतं, दोन हिवाळे काढले आणि विकलं, खरं तर जवळपास देऊनच टाकलं. घर सुंदर होतं. पण तिथे बर्फ छपराच्या खालच्या कडेपर्यंत येतो, छपरावरचा बर्फ उतरवायला चढावं लागतं, पहाटे पाचला रस्ता मोकळा करायचा तेव्हा मुलाला शाळेला नेता येणार, आणि मी आठ वाजता लॅपटॉप उघडायचो तेव्हा दिवस संपल्यासारखा दमलेला असायचो. गावची शाळा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन झाली, मुलाच्या वर्गात चार जण होते. बायकोला गाडी येत नव्हती. दोन गाड्या आणि दोघांनाही चालवता येणं ही गरज आहे हो, हौस नाही. दवाखाना चाळीस मिनिटं.

इना एवढं बर्फाळ नाही हे मला माहीत आहे, तिथे बर्फ कमी पण कडाका जास्त, रात्री उणे दहापर्यंत जातं, पाइप गोठून फुटतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच, आधी भाड्याने राहा. बऱ्याच गावांत ओतामेशी घरं असतात, काही दिवस ते काही महिने राहून बघायला, नगरपालिकाच देते. जानेवारी-फेब्रुवारीत राहा. मे महिन्यात तिथे कोणीही प्रेमात पडेल. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. अजूनही त्या घराचा फोटो बायको फोनमधून काढत नाही आणि मला बघवत नाही.

कुडाळकरीण:

परतलेला दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, भाड्याने राहून बघणं फार महत्त्वाचं. आम्ही पण दीड वर्ष आधी भाड्याने राहिलो.

मी शिमानेत आहे, इवामी भागात. इथली कौलं लाल असतात, सेकिशू कौलं, पहिल्यांदा ट्रेनमधून डोंगराच्या कुशीत ती लाल छपरं बघितली तेव्हा मला कुडाळच आठवलं. आणि इथे शरद ऋतूत देवळात रात्रभर कागुरा चालतं, मुखवटे, जरीचे जड कपडे, ढोल, आणि मोठाल्या सापाचा वध, म्हातारी-पोरं सगळी चादरी घेऊन बसलेली, मधेच झोपलेली, आमच्या दशावतारासारखीच की! मी आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं तर ती म्हणाली अगो हे तर संकासुर.

तुम्ही बुत्सुदानचं विचारलंत म्हणून लिहितेय, कारण याच्याबद्दल कोणी सांगत नाही. तो तसाच उचलून टाकायचा नाही आणि सामान नेणाऱ्याच्या गाडीत पण घालायचा नाही. त्या घराण्याच्या देवळातल्या भटजींना बोलवून त्यातून प्राण काढून घेण्याचा विधी करतात, मग ते नुसतं लाकूड. खरं तर हे विकणाऱ्याच्या घरच्यांनी करायचं असतं, पण त्यांचं लांब असतं, म्हातारी असतात, राहून जातं. आम्ही एजंटला सांगून घेतलं की आम्ही थांबतो पण तुम्ही या. तर त्या आजींची धाकटी बहीण ओसाकाहून आली, ८३ वर्षांची. भटजी मंत्र म्हणत होते तेव्हा ती सरळ बसून होती, आणि संपल्यावर तिने फोटो एकेक उतरवले, पदराने म्हणावं तसं बाहीने पुसले, आणि मला सांगितलं हा माझा भाऊ, हा युद्धात गेला, ही माझी आई, ही याच खोलीत गेली. मला जपानी तेव्हा निम्मंच कळायचं. पण त्यानंतर मी ते घर कधी स्वस्तात मिळालेलं घर असं म्हटलं नाही. ती दरवर्षी मला काकी, म्हणजे पर्सिमॉनची फळं, पाठवते, मी तिला तिळाच्या वड्या. तुमच्या घरात विहीर असेल तर ती पण अशीच, विचारल्याशिवाय बुजवू नका, पूजा करतात आणि श्वास घ्यायला एक नळी ठेवतात.

गावाचं म्हणाल तर, राहायला जायच्या आधी आजूबाजूच्या घरांत जाऊन या, टॉवेल किंवा छोटं काहीतरी घेऊन, तिघंही जा, मुलीला न्याच. अध्यक्षांना आधी भेटा, जिचिकाइच्या, म्हणजे गावच्या रहिवासी मंडळाच्या, त्यांना विचारा वर्गणी किती, कचरा कुठे, कोणत्या दिवशी काय. कामं कोणती असतात ते स्पष्ट विचारा. आमच्याकडे वर्षातून तीनदा गवतकापणी, एकदा पाट साफ करायचा, देवळाची झाडलोट पाळीने, सण दोन. पहिल्या वर्षी माझ्याकडे काइरानबान आलं, म्हणजे घरोघरी फिरणारी सूचनांची फाइल, मला वाटलं ती आमचीच प्रत आहे, मी आठवडाभर डिक्शनरी घेऊन वाचत बसले. पुढच्या पाच घरांना गवतकापणीची तारीख कळलीच नाही, कोणी आलंच नाही. कोणी मला बोललं नाही पण मला फार लागलं. मग मीच घरोघर जाऊन माफी मागून आले, आणि त्या दिवसापासून शेजारच्या काकू फाइल दारात ठेवण्याऐवजी हाक मारून हातात देतात आणि काय लिहिलंय ते तोंडी सांगतात. भाषा तिथून सुधारली माझी.

गवतकापणीला मशीन नसेल तर विळा घेऊन जा, पण जा. वेळ सहाची सांगितली असेल तर पावणेसहाला सगळे उभे असतात. एकदा पण चुकवू नका पहिल्या वर्षात, तोक्योला ऑफिस असलं तरी तारीख बदलून घ्या. सामावून घेतात का असं विचारलंत ना तुम्ही, आमचं सगळं त्या पाटाच्या गाळात उभं राहूनच झालं.

तांबाकर:

कुडाळकरीण ताई, बुत्सुदानचं अगदी खरं, आमच्याकडेही तेच झालं. आणि निशिकासाईकर, परतलेला यांनी पाइपांचं लिहिलंय ते लक्षात ठेवा, तुमच्या भागात घर सोडून जाताना पाइपातलं पाणी काढून टाकायचा नळ असतो, मिझुनुकी, तो कुठे आहे ते घर बघायला जाल तेव्हाच विचारून घ्या. दहा वर्षं बंद आहे म्हणताय, शेवटी कोणी तो फिरवला होता का हे कळलं तर पाइप फुटलेत की नाही हेही कळेल.

निशिकासाईकर:

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं बायकोला वाचून दाखवलं. गेल्या शनिवारी परत जाऊन आलो, शिंजुकूहून बसने, या वेळी स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन. उतारा काढलाय, घर आजींच्या मुलाच्या नावावर झालेलं आहे, तो नागोयाला असतो, आणि बुत्सुदानच्या विधीला तो स्वतः येईन म्हणालाय, हे विचारल्यावर फोनवर त्याचा आवाजच बदलला. नगरपालिकेच्या भूकंप तपासणीसाठीही त्याने अर्ज केलाय. जानेवारीसाठी ओतामेशी घराला आम्ही नाव टाकलंय. मुलीला शाळा दाखवली, दुसरीत सात मुलं आहेत. बायकोने ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं, परतलेला दादा, ते तुमच्यामुळे.

तातामी उचलून खाली उतरलो. मधला मोठा खांब दगडासारखा, टोचूच देत नाही. बाकीचे पण बरेचसे चांगले. पण उत्तरेच्या कोपऱ्यातला खांब टोचला आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मी तिथेच बसून राहिलो. वर आलो तर शेजारचे आजोबा कुंपणाजवळ उभे, बहुतेक आवाज ऐकून आले असावेत. मी त्यांना सांगितलं की तो कोपरा कुजलाय, तर म्हणाले चला दाखवतो, आणि घराच्या मागे घेऊन गेले. डोंगर आणि भिंत यांच्यामध्ये दगडी गटार आहे, बांबूच्या पाल्याने पूर्ण भरलेलं, आम्हाला दोन्ही वेळा ते दिसलंच नव्हतं. पावसाळ्यात डोंगराचं पाणी तिथून वाहून जायचं, आजी होत्या तोवर त्या दर वसंतात साफ करायच्या. त्या गेल्यावर पाणी सरळ भिंतीशी यायला लागलं. मिझुनुकीचा नळही त्यांनीच दाखवला, शेवटच्या हिवाळ्यात त्यांनीच येऊन फिरवला होता म्हणे, आजींच्या मुलाने सांगितलं म्हणून.

घर अजून घेतलेलं नाही आणि जानेवारी काढल्याशिवाय घेणारही नाही. पण निघताना आजोबा म्हणाले येत्या रविवारी सकाळी सातला गावचा पाट साफ करायचाय, लावणीच्या आधी, यायचं तर या, कोणाचं घर घेतलंय का नाही घेतलं ते काही लागत नाही. शुक्रवारी रात्रीच्या बसची तीन तिकिटं काढलीत. मुलीच्या मापाचे गमबूट कुठे मिळतील एवढं कोणी सांगा, निशिकासाईत पावसाळी फुलाफुलांचेच मिळताहेत.

कुडाळकरीण:

तिथल्याच होम सेंटरमध्ये मिळतील, शनिवारी जा. आणि हातमोजे तिघांना घ्या, रबराचे, लांब बाहीचे. पाणी बर्फाचं असतं एप्रिलमध्ये.